मोठेपणी हेपटायटिस बीची लस घेतल्यावर तुम्हाला काय त्रास झाला? (खांदा प्रकरण)

मोरपंखी | ५ जानेवारी, २२:१४

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. आधीचे धागे शोधले पण सगळे बाळांच्या लसीकरणाचे निघाले.

तर झालं असं, नोव्हेंबरात नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधी ज्या रक्ताच्या तपासण्या करतात त्यात एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे हेपटायटिस बीची लागण. हा शब्दच आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकला. त्याला आजवर काहीही त्रास नाही, कधी कावीळ झाल्याचं आठवत नाही. पोटाच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या, म्हणाले व्हायरल लोड कमी आहे, लिव्हर छान आहे, आत्ता औषध नको, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. ऑपरेशन पण नीट पार पडलं. आणि म्हणाले घरातल्यांनी तपासणी करून लस घ्या. मी आणि साबां (सासूबाई) निगेटिव्ह. मुलाचे तिन्ही डोस तो बाळ असतानाच झालेत, माळ्यावरच्या ट्रंकेत फाईल सापडली.

मी (वय ४६, थायरॉइडची गोळी चालू, बाकी ठणठणीत) १२ डिसेंबरला पहिला डोस घेतला. त्या रात्री कणकण आली, दुसऱ्या दिवशी अंग नुसतं मोडून आलं, तिसऱ्या दिवशी ते सगळं गेलं. पण खांदा! आज चोवीस दिवस झाले, डावा हात वर नेला की अशी कळ येते की डोळ्यांत पाणी. अंबाडा घालता येत नाही, वाळत घालायचे कपडे दोरीवर उजव्या हाताने भिरकावते.

आता १२ तारखेला दुसरा डोस आहे. साबां म्हणतात "एका सुईत हात गेला, दुसरीत काय जाईल", आणि त्या स्वतः घेणारच नाहीत. त्यात जावेने फॉरवर्ड पाठवलाय की या लसीने मेंदूच्या नसांचा आजार होतो म्हणून फ्रान्सने ती बंद केली. नवरा बिचारा गप्प आहे, त्याला वाटतं सगळं त्याच्यामुळे होतंय.

मोठेपणी घेतलेल्यांपैकी कुणाला असा त्रास झाला का? दुसरा डोस घेऊ की थांबू?

आळशी_बोका | ५ जानेवारी, २२:३१

पहिला! मला फक्त बिल बघून चक्कर आली होती.

(दिवे घ्या. ताई, काळजी घ्या, इथे जाणकार आहेत, येतील एकेक.)

चकली | ५ जानेवारी, २२:५०

मी ३९ व्या वर्षी घेतली, तिन्ही डोस. पहिल्याला दंड दोन दिवस ठणकला, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला सुईच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली ती तीन आठवडे हाताला लागत होती, मग आपोआप विरली. हात वर न जाणं वगैरे नाही झालं हो. ते मला जरा वेगळं वाटतंय.

पांढरा_रस्सा | ५ जानेवारी, २३:०८

ताई काळजी करू नका. आमच्याकडं इचलकरंजीला २०१२ ला काविळीची साथ आली तवा घरटी एक माणूस आडवा होता. तवा आम्ही कुठली लस घेतली न्हाई, पाणी उकळून प्यालो आणि गावातल्या म्हातारबाकडून कावीळ उतरवून घेतली. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळंधमक होतं बघा. आठ दिवसांत माणूस बरा. इंजेक्शनापेक्षा उसाचा रस घ्या.

स्टेथो | ६ जानेवारी, ०७:४०

रस्सा भाऊ, इचलकरंजीची साथ हेपटायटिस ई ची होती, गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून येणारी. ती बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हातारबा असो नसो (गरोदर बायकांना मात्र ती जिवावर बेतू शकते). ए पण तसलाच, पाण्यातून अन्नातून. बी चं घराणंच वेगळं आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं, पण बाळपणी झाली तर तो मुक्कामाला राहतो, वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि मग एखाद्याला लिव्हर सिरॉसिस नाहीतर कॅन्सर. धागाकर्तीच्या यजमानांना बहुधा लहानपणापासूनच असणार. त्यात त्यांची काही चूक नाही हे आधी घरात सगळ्यांनी समजून घ्या.

आता मूळ प्रश्न. इथे बसून खांदा तपासता येत नाही म्हणून सर्वसाधारण सांगतो. या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेला पण नसतो. विषाणूच्या वरच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून काढलेलं असतं, तेच ते एचबीएसएजी. त्यामुळे लसीने हेपटायटिस होणं शक्यच नाही. सोबत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, आपल्या तुरटीच्या भावकीतला. त्याचं कामच मुळी तिथे जरा आग लावून शरीराच्या पोलिसांना बोलावून आणणं. म्हणून दंड दुखतो, लाल होतो, चकलीताईंसारखी गाठ येते. दंड दुखणं ३ ते २९ टक्के लोकांना होतं, कोणाचा अभ्यास वाचता त्यावर आहे. ताप १ ते ६ टक्क्यांना. डोकं दुखणं, थकवा, मळमळ, हे सगळं एक-दोन दिवसांत जातं. खरी धोक्याची म्हणजे अंगभर गांधी उठून घसा सुजून श्वास अडकणारी अ‍ॅलर्जी, ती दर १० लाख डोसांमागे साधारण एकाला. ती झाली तर काही मिनिटांतच बहुधा कळते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. अशी अ‍ॅलर्जी एकदा झाली, किंवा यीस्टची तसली जोरदार अ‍ॅलर्जी असेल, तर मात्र ही लस घ्यायची नाही.

कणकण आणि अंगदुखी मोरपंखींनी सांगितली ती या हिशोबात अगदी बसते. चोवीस दिवस हात वर न जाणं बसत नाही. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आळशी_बोका | ६ जानेवारी, ०९:०२

यीस्ट म्हणजे पावातलं? मग वडापाव खाऊन अर्धा डोस झालाच समजायचा का.

खवट_खोबरं | ६ जानेवारी, ०९:४७

डॉक्टर लोकांची टक्केवारी ऐकली की झालं, पेशंट म्हणजे आकडा. एका बाईचा हात वर जात नाही, त्याचं उत्तर "हिशोबात बसत नाही". हिशोब बदला मग! फ्रान्सने १९९८ ला शाळांमधून ही लस बंद केली ही काय अफवा आहे? सरकारनेच केली ना? आणि मल्टिडोस वायलमध्ये (एकाच बाटलीत अनेकांचे डोस) पाऱ्याचं संयुग असतं ते का नाही सांगत? मी लसविरोधी नाही, पण प्रश्न विचारला की लगेच शिक्का मारतात.

रत्नांग्रीची_सिस्टर | ६ जानेवारी, १३:२५

ड्युटीवर आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मोरपंखी, मला एकच सांगा. लस घेताना अंगात काय घातलं होतं? आणि बाही खालून वर सरकवली होती की गळ्याकडून खांदा मोकळा केला होता?

सदाशिव_३० | ६ जानेवारी, १३:३३

वैद्यकीय धाग्यावर वेशभूषेची चौकशी प्रथमच पाहत आहोत.

मोरपंखी | ६ जानेवारी, १४:१०

सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?! लांब हाताचा पंजाबी ड्रेस होता, बाही कोपराच्या वर जाईना. मग तिथली मुलगी म्हणाली राहू दे काकू, आणि गळा एका बाजूला ओढून खांद्यावरच टोचलं. मी उभीच होते, ती पण उभी. पटकन झालं, मला तेव्हा बरं वाटलं उलट.

रत्नांग्रीची_सिस्टर | ६ जानेवारी, २०:५५

वाटलंच मला. आता नीट लिहिते.

खांद्याच्या टोकाला हाड लागतं बघा हाताला. तिथून दोन-तीन बोटं खाली, दंडाचा जो जाडसर भाग आहे त्याच्या मधोमध, सरळ ९० अंशात सुई जायला पाहिजे. गळ्याकडून कपडा ओढला की उघडा काय पडतो? खांद्याचं टोक. मग सुई स्नायूत न जाता वर सांध्याजवळच्या पाण्याच्या पिशवीत जाते. तिथे लस सांडली की सूज धरते आणि महिनोन् महिने हात वर जात नाही. हे कुठल्याही लसीने होतं, फ्लूच्या, कोविडच्या, धनुर्वाताच्या. लसीचा दोष नाय तो, टोचणाऱ्याचा. आमच्या नवीन पोरींना मी पहिल्या दिवशी सांगते, पेशंट बसलेला पाहिजे, तुम्ही पण बसा, आणि बाही जात नसेल तर पडदा ओढून अख्खा हात बाहेर काढायला लावा, लाजायचं नाय.

मी नोकरीला लागले तेव्हा शिबिरांमधे कोण कोण कमरेत द्यायचे ही लस. तिथे चरबीत जाते आणि अंगाला लागत नाय, म्हणजे डोस घेतल्याचं समाधान फक्त. मोठ्या माणसाला दंडातच.

आता घ्यावी का. मला स्वतःला २००३ मधे वापरलेली सुई टोचली होती, पेशंट बी चा पॉझिटिव्ह. आमच्याकडे शिकवतात तीस-तीन-शून्य पॉइंट तीन. म्हणजे लस न घेतलेल्याला बी च्या पेशंटची सुई लागली तर शंभरात तिसापर्यंत लोकांना लागण, हेपटायटिस सी ची असेल तर तीन, एचआयव्ही असेल तर शून्य पॉइंट तीन. माझे तिन्ही डोस झालेले होते आणि टायटर (रक्तातल्या अँटीबॉडींची पातळी) चांगलं होतं म्हणून मी रात्री झोपले. तो दंडाचा ठणका त्यापुढे काय हो.

लेगस्पिनर | ६ जानेवारी, २१:३०

हेच हेच हेच!! मला कोविडच्या दुसऱ्या डोसला झालं होतं, खांद्याच्या पार वर टोचलं. चार महिने बॉल टाकता आला नाही, सोसायटीच्या टीममध्ये मला स्कोअरर केलं. सोनोग्राफीत पिशवीला सूज दिसली, हाडाच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि फिजिओ दिला, मग एक स्टिरॉइडचं इंजेक्शन खांद्यात (हो, इंजेक्शनने झालेलं इंजेक्शननेच गेलं). मोरपंखी ताई, खांदा आखडू देऊ नका, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम लवकर सुरू करा, मी दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसलो आणि तिथेच फसलो. पण आधी दाखवा कुणाला तरी.

ल्योंकर | ७ जानेवारी, ०२:१८

फ्रान्समध्ये राहतो, अकरा वर्षं झाली, म्हणून खवट यांना उत्तर द्यायचा हक्क बजावतो.

अफवा नाही, अर्धी गोष्ट आहे. १९९४ पासून इथे शाळेतल्या मुलांना ही लस देण्याची मोहीम सुरू झाली आणि तिच्या प्रचारात मोठ्यांनीही धडाधड घेतली, कोट्यवधी लोकांनी. मग काहींना लसीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस (फॉरवर्डमधला मेंदूच्या नसांचा आजार तो हाच) झाल्याच्या तक्रारी आल्या. १ ऑक्टोबर १९९८ ला तेव्हाचे आरोग्यमंत्री बर्नार कुशनेर यांनी शाळांमधली मोहीम थांबवली. लस बंद नाही केली. बाळांना आणि धोका असलेल्या मोठ्यांना ती चालूच ठेवली होती, पण लोकांना ऐकू गेलं ते एवढंच, की सरकारने बंद केली म्हणजे काहीतरी आहे.

गोम अशी की हा आजार तसाही विशी-तिशीतच डोकं वर काढतो. त्या वयाच्या एवढ्या लोकांना एकदम लस दिली तर काहींना लसीनंतर लगेच आजार दिसणारच, लस नसती तरी दिसला असता. २००१ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, एक अमेरिकेतल्या नर्सेसचा, दुसरा युरोपातल्या मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्याच पेशंटांचा, दोन्हींत संबंध सापडला नाही. प्रामाणिकपणे सांगतो, २००४ मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात संबंध दिसला होता आणि त्यावर बरीच वादावादी झाली, पण नंतरच्या अभ्यासांचा एकत्रित कौल संबंध नाही असाच आहे. आणि त्याच फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ नंतर जन्मलेल्या बाळांना ११ लसी सक्तीच्या केल्या, त्यात हेपटायटिस बी आहे. माझ्या मुलीला दिलीय, पाळणाघरात प्रवेशच नाही त्याशिवाय. हा भाग तुमच्या जाऊबाईंच्या फॉरवर्डमध्ये नसेल.

आळशी_बोका | ७ जानेवारी, ०८:१५

माझं टक्कल लग्नानंतर पडलं. संबंध आहे की नाही यावर घरात अभ्यास चालू आहे, निष्कर्ष जाहीर करायची परवानगी नाही.

खवट_खोबरं | ७ जानेवारी, १०:२०

ल्योंकर, माहितीबद्दल धन्यवाद, हे २०१८ चं मला माहीत नव्हतं. पण सिस्टर जे म्हणाल्या त्यात माझाच मुद्दा आहे की! "लसीचा दोष नाही, टोचणाऱ्याचा" हे पेशंटला कुठे वेगळं असतं? हात तर गेलाच ना? आणि टोचणाऱ्याची चूक झाली तर ती नोंदते कोण? माझ्या वडिलांना एका शिबिरात न विचारता, न सांगता डोस दिला, कार्ड नाही, बॅच नंबर नाही, काही नाही. नंतर हातावर पुरळ आलं तेव्हा नेमकं काय टोचलं हे डॉक्टरांना सांगता आलं नाही आम्हाला. माझा राग त्याच्यावर आहे.

रत्नांग्रीची_सिस्टर | ७ जानेवारी, १३:१५

खवट, यात मी तुमच्या बाजूने. कार्ड मागून घ्यायचंच, त्यावर नाव, बॅच, तारीख, कुठला हात. नाय दिलं तर वायलचा फोटो काढा मोबाईलवर, कोणी नाय म्हणत नाय.

स्टेथो | ७ जानेवारी, २२:३५

मान्य. मी "हिशोबात बसत नाही" म्हणालो ते मलाच आज वाचताना कोरडं वाटलं. सिस्टरांनी बाहीचा प्रश्न विचारला, मला सुचला नाही.

नोंदीबद्दल: लसीनंतर जे काही होतं ते कळवायची सोय आहे, डॉक्टरच कळवू शकतात असं नाही, पेशंटही कळवू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. लोक वापरत नाहीत ही रड आहे.

पाऱ्याचं: काही मल्टिडोस वायलमध्ये थायोमर्सल असतं, जंतू वाढू नयेत म्हणून. त्यातला पारा इथिल प्रकारचा, तो शरीरातून लवकर बाहेर पडतो, माशांमधून येतो तो मिथिल वेगळा. तरी मनात किंतू असेल तर सिंगल डोस मागा, बऱ्याच कंपन्यांच्या त्यात नसतं, वेष्टनावर लिहिलेलं असतं.

पिपेट | ८ जानेवारी, ००:०५

लॅबवाला आहे, एक गोष्ट राहिली ती सांगतो कारण याने लोकांची झोप उडालेली पाहिलीय. लस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. लसीत जे प्रथिन आहे तेच ही टेस्ट शोधते, त्यामुळे काही दिवस, १८ दिवसांपर्यंत सुद्धा, टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते.

आमच्याकडे एक पोरगा आला होता, नवी नोकरी, जॉइनिंगचं मेडिकल. बिचाऱ्याने शहाणपणा करून चार दिवस आधी लस घेतली, म्हटलं कंपनीला आवडेल. रिपोर्ट पॉझिटिव्ह, अगदी कमी पातळीचा. ऑफर लेटर लटकलं. आई रडतेय, बाप विचारतोय कुठे कुठे गेला होतास, पोरगा शपथा घेतोय. त्याच्या पाकिटात लसीचं कार्ड होतं ते मी सहज बघितलं आणि ट्यूब पेटली. महिन्याने परत काढलं, निगेटिव्ह. त्यामुळे तपासणी आधी, लस नंतर. रक्तदानाला जाताना पण लस घेतल्याची तारीख सांगा.

चकली | ८ जानेवारी, ०९:३०

बापरे पिपेट! हे कुणीच सांगत नाही.

आणखी एक. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करून घ्या, १० च्या वर पाहिजे. माझी नणंद डेंटिस्ट आहे, तिचं तिन्ही डोस घेऊन ४ आलं! शंभरात पाच-दहा लोकांना लस लागूच पडत नाही म्हणे पहिल्या खेपेला, चाळिशीनंतर, वजन जास्त असेल, सिगरेट, डायबिटीस असेल तर जास्तच. तिने परत तीन डोस घेतले, मग १४० आलं. तिचं म्हणणं, "सहा वेळा टोचून घेतलं, साइड इफेक्ट एकच, प्रत्येक वेळी नवरा आइस्क्रीम द्यायचा त्याने वजन वाढलं."

गार्डन_स्टेट | ८ जानेवारी, १९:४४

इकडे अमेरिकेत २०२२ पासून १९ ते ५९ वयाच्या सगळ्यांनाच घ्या म्हणतात, कारण असो नसो. मी दोन डोसवाली घेतली, महिन्याच्या अंतराने दोनच, ती इकडे २०१७ ला मंजूर झाली. दंड चांगलाच दुखला, दोन दिवस गाडीचा सीटबेल्ट लावताना आई आठवत होती.

पण खरा साइड इफेक्ट सांगतो. मी सहा फूट एक इंच, ढोल पथकात पाच वर्षं ढोल कमरेला बांधून वाजवलाय, आणि सुई बाहेर निघाल्यावर दुसऱ्या मिनिटाला फार्मसीच्या गालिच्यावर आडवा. घाम, डोळ्यांपुढे अंधार, खलास. फार्मसिस्ट मुलगी पाच फूट नसेल, तिने पाय वर करून ठेवले माझे. म्हणाली अ‍ॅलर्जी नाही, भीतीने रक्तदाब पडतो, तुमच्यासारख्या मोठ्या पुरुषांचंही होतं. बायको अजून पार्ट्यांमध्ये सांगते.

सदाशिव_३० | ८ जानेवारी, २०:१०

ढोल पथकवाला पडला हे वाचून रस्त्यावरचे आम्ही समाधानी आहोत.

मोरपंखी | ९ जानेवारी, २१:४०

सगळ्यांचे खूप खूप आभार. एकेका प्रतिसादाला उत्तर देत नाही पण सगळे नवऱ्यालाही वाचायला दिले. बोक्याच्या टकलावर तो महिनाभरात पहिल्यांदा मोठ्याने हसला.

आज हाडाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सोनोग्राफी केली, लेगस्पिनर म्हणाले तेच, पिशवीला सूज. गोळ्या, शेक आणि फिजिओ. दुसरा डोस घ्या म्हणाले, उजव्या हातात. मी त्यांना सिस्टरांचा बाहीचा प्रश्न सांगितला तर म्हणाले कोण आहेत या सिस्टर, आमच्याकडे पाठवा.

एक विचारायचं होतं, जरा संकोच वाटतो. साबांनी नवऱ्याचं ताट-वाटी-पेला वेगळा काढलाय. फडताळात खालच्या कप्प्यात. तो काही बोलत नाही, स्वतःच उठून तिथून घेतो. हे गरजेचं आहे का?

रत्नांग्रीची_सिस्टर | ९ जानेवारी, २२:०२

नाय. अजिबात नाय. ताटातून, पेल्यातून, मिठी मारून, शिंकून काही होत नाय. वेगळं काय ठेवायचं तर दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर. हा विषाणू वाळलेल्या रक्तात पण सात दिवस तग धरतो. आपल्याकडे अख्ख्या घराला एक नेलकटर असतं, टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमधे, ते पहिलं बदला. आणि ताट वरच्या कप्प्यात ठेवा, आजच.

पांढरा_रस्सा | ९ जानेवारी, २२:२०

सिस्टर बरोबर. माझं वरचं उसाच्या रसाचं मागं घेतो ताई, मला सगळी कावीळ एकच वाटत होती. चुन्याचं पाणी मी काल घरी करून बघितलं, मला काय बी झालेलं न्हाई तरी पिवळं झालं की ओ. म्हातारबा त्या पाण्यात कसली तरी साल टाकतो आधी, ती आणून टाकली तर झालं पिवळं.

आळशी_बोका | ९ जानेवारी, २२:२४

रस्सा भाऊंना विज्ञानाचं नोबेल.

ल्योंकर | १० जानेवारी, ०१:३०

नोबेल खरंच मिळालंय या विषयात :-) बारूख ब्लमबर्गना, १९७६ ला. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना हे प्रथिन सापडलं होतं, म्हणून आधी नावच ऑस्ट्रेलिया अँटिजेन. २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस, तोच हेपटायटिस दिन. आणि पहिली लस १९८१ ची, ती तर लागण झालेल्या लोकांच्या रक्तद्रवातूनच शुद्ध करून काढायचे, तेव्हा काय अफवा असतील विचार करा. यीस्टवाली १९८६ ला आली.

सदाशिव_३० | १० जानेवारी, ०७:५०

आणि आपल्याकडची १९९७ ला, हैदराबादेत शांता बायोटेक्निक्सने केली. तोवर परदेशी लस सामान्य माणसाच्या खिशाबाहेर होती. अवांतराबद्दल क्षमस्व, पण वरच्या बिलाच्या विनोदावरून आठवलं.

मोरपंखी | १४ जानेवारी, १९:२५

तिळगूळ घ्या. अपडेट: १२ ला दुसरा डोस झाला. या वेळी आईचा जुना सैलसर गाऊन घालून गेले होते, वरून ओढणी. बसून घेतला. टोचणारीला म्हटलं, बाई, हाडापासून तीन बोटं खाली. ती हसली पण मोजली तिने बोटं. एक दिवस दंड दुखला, ताप नाही. तिळाचे लाडू स्वतः वळले दोन्ही हातांनी.

लेगस्पिनर | १४ जानेवारी, २०:०१

शाब्बास! गोड बोला.

मोरपंखी | २ ऑगस्ट, २१:१५

धागा वर काढतेय, सॉरी. तिसरा डोस १२ जूनला झाला, आज टायटर आलं, २६०. खांदा एप्रिलपर्यंत पूर्ण सुटला.

साबांनी (७४) मार्चमध्ये पहिला डोस घेतला. कसं झालं ते सांगते. नवऱ्याने एके दिवशी स्वतःच जुनं नेलकटर फेकून घरात चार नवीन आणले, चार रंगांचे, आणि आईला म्हणाला यातलं तुझं कुठलं ते निवड. त्यांनी हिरवं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या मला कुठे जायचं ते दाखव लसीला. पहिल्या डोसला काहीही त्रास नाही, दुसऱ्याला संध्याकाळी जरा कणकण आली तर म्हणाल्या "माझ्या अंगाला लागली वाटतं". त्यांचा तिसरा सप्टेंबरमध्ये आहे, या वयात लागू पडायचं प्रमाण कमी असतं म्हणाले डॉक्टर, बघू टायटर काय येतं.

ताटं सगळी वरच्या कप्प्यात आहेत. कुठलं कुणाचं आता ओळखू येत नाही.

खवट_खोबरं | ३ ऑगस्ट, ०८:४०

छान वाटलं वाचून. मी पण घेतली मे मध्ये. सिंगल डोस मागितला, कार्ड घेतलं, वायलचा फोटो काढला, बॅच नंबर वहीत लिहिला. त्रास काही नाही, तक्रार करायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

नवा_भिडू | ५ ऑगस्ट, २३:५२

धागा पूर्ण वाचला नाही, घाईत आहे, उद्या सकाळी ऑफिसकडून लस आहे. ही दंडावर घेतात का कमरेवर? आणि फॉर्मल फुल शर्ट घालून गेलं तर चालेल ना?

रत्नांग्रीची_सिस्टर | ६ ऑगस्ट, ०६:१०

दंडावर. आणि नाय चालणार.